भूक, मात्रा आणि धम्म

धम्मदीक्षा घेतली की घरात पुष्कळ गोष्टी बदलतात. देव्हारा उतरतो. भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लागते. नवससायास, उतारे, अंगारेधुपारे बंद होतात. सकाळ-संध्याकाळ त्रिसरण-पंचशील म्हटले जाते. परंतु घरात एक जागा अशी आहे की, तेथे धम्म फार सावकाश पोहोचतो. ती जागा म्हणजे आपले जेवणाचे ताट. दीक्षेपूर्वी जसे जेवत होतो तसेच आपण दीक्षेनंतरही जेवतो. आणि नोकरी लागून हातात दोन पैसे आले की पूर्वीपेक्षा अधिक जेवतो. किती खावे आणि केव्हा थांबावे, हा प्रश्न धम्माचा आहे असे आपल्या मनातही येत नाही. तो डॉक्टरांचा प्रश्न आहे, असे आपण समजतो. आणि डॉक्टरांकडे जातो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आपल्या वस्तीकडे, कॉलनीकडे एकदा नजर टाका. चाळिशी-पन्नाशीतच रक्तातील साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, गुडघे धरलेली माणसे प्रत्येकाच्या ओळखीची आहेत. हे श्रीमंतांचे आजार आहेत असे म्हणण्याचे दिवस गेले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत. म्हणजे प्रौढ माणसांत शंभरामागे अकरांहून अधिक. यांत आपले आईबाप आहेत, भाऊबहिणी आहेत, आणि शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या मुलांचा भार वाहणारे कर्ते पुरुष व कर्त्या स्त्रियाही आहेत.

म्हणून प्रश्न असा आहे: अंगावरचे वाढलेले वजन कमी करणे आणि शरीर निरोगी राखणे ही केवळ सोयीची व हौसेची गोष्ट आहे, की तो धम्माच्या आचरणाचाच एक भाग आहे?

भुकेल्यांच्या नातवंडांना हा उपदेश कशासाठी?

या प्रश्नावर आपल्यातील वडीलधारे लगेच एक आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतील, "आमच्या आज्या-पणज्यांनी बलुत्याच्या भाकरीवर दिवस काढले. दाराबाहेर उभे राहून शिळे तुकडे मागितले. मेलेल्या जनावराचे मांस वाळवून ठेवले आणि त्याच्यावर पावसाळा काढला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि रेशनवरची मिलो खाल्ली. आता कोठे पोटाला पोटभर मिळू लागले, तर तुम्ही आम्हांला कमी खा म्हणून सांगता? कमी खाणे आम्हांला शिकवायला नको; आम्ही हजारो वर्षे तेच केले."

हे म्हणणे खरे आहे. ज्यांना कधी भूक माहीत नाही त्यांनी भुकेल्यांच्या नातवंडांना संयमाचा उपदेश करावा, हे कोणालाही रुचणार नाही. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होत आहे. लादलेली भूक ही एक गोष्ट आहे आणि आपण होऊन ठरविलेली मात्रा ही दुसरी गोष्ट आहे. पहिली गुलामी आहे. तिच्यात किती खायचे हे दुसरा ठरवितो. मालक ठरवितो, पाटील ठरवितो, जात ठरविते. दुसरीत किती खायचे हे आपण स्वतः, आपल्या प्रज्ञेने ठरवितो. पहिलीतून सुटलेला माणूस दुसरी स्वीकारतो तेव्हा तो पुन्हा मागे जात नाही. तो स्वातंत्र्याचे पुढचे पाऊल टाकतो.

बाबासाहेबांनी ताटाचा प्रश्न किती मोठा मानला होता हे आठवा. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली. चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क जसा तेथे बजावला गेला, तसाच मेलेल्या जनावराचे मांस आणि दुसऱ्याचे उष्टे तुकडे टाकून देण्याचा आदेशही तेथेच मिळाला. ज्यांच्या घरात दुसरे अन्न नव्हते अशा माणसांना बाबासाहेबांनी हे सांगितले, आणि त्या माणसांनी ते ऐकले. कित्येकांनी त्यापायी उपास सोसले, पण तुकडा घेतला नाही. काय खावे आणि काय खाऊ नये हे जो स्वतः ठरवितो तोच माणूस म्हणून उभा राहतो, हा धडा आपल्या समाजाने तेव्हा घेतला. किती खावे हे ठरविणे हा त्याच धड्याचा उरलेला भाग आहे.

आळवीचा शेतकरी आणि श्रावस्तीचा राजा

धम्मपदाच्या सुखवग्गात दोन गाथा एकापुढे एक आल्या आहेत. पहिलीत भुकेला सर्वांत मोठा रोग म्हटले आहे. तिच्या लगेच पुढच्या गाथेत आरोग्याला सर्वांत मोठा लाभ म्हटले आहे. या दोन गाथा ज्या प्रसंगी सांगितल्या गेल्या ते प्रसंग अट्ठकथेत दिले आहेत. नवदीक्षित घरांत ते दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

पहिला प्रसंग आळवी नगरातील. एका गरीब शेतकऱ्याला भगवंतांचा उपदेश ऐकायचा होता. परंतु त्या दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधण्यात बराच दिवस गेला आणि तो उपाशीपोटी, थकलेला असा सभेत येऊन उभा राहिला. भगवान बुद्ध त्याच्यासाठी उपदेश न करता थांबले होते. त्यांनी त्याला शील सांगितले नाही, संयम सांगितला नाही. प्रथम त्याला बसवून जेवू घाला, असे सांगितले. तो जेवला, त्याची भूक शमली, मगच धम्म सांगितला. भिक्खूंना याचे नवल वाटले. तेव्हा तथागतांनी त्यांना समजावून दिले की, भुकेने पीडलेल्या माणसाला धम्म समजणार नाही.

दुसरा प्रसंग कोसलचा राजा प्रसेनजित याचा. हीच हकीकत संयुत्तनिकायातही आली आहे. राजा एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. असे जेवून तो भगवंतांच्या दर्शनाला आला तेव्हा त्याला धाप लागली होती. बसणे-उठणे जड झाले होते. भगवंतांनी त्याची ती अवस्था पाहिली आणि एक छोटी गाथा सांगितली. तिचा आशय एवढाच की, जो माणूस सदैव जागृत असतो आणि मिळालेल्या अन्नात मात्रा जाणतो, त्याच्या वेदना हलक्या होतात, म्हातारपण त्याच्याकडे हळूहळू येते आणि त्याचे आयुष्य सांभाळले जाते. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा एक तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करावयास सांगितले, जेवणाच्या वेळी म्हणून दाखविण्याचे काम दिले आणि त्याबद्दल रोज शंभर कार्षापण देण्याचे ठरविले. राजाचा आहार क्रमाक्रमाने उतरत उतरत नाळीभर भातावर आला. पुढे राजाचे शरीर हलके झाले, आणि आपल्या अंगावरून हात फिरवीत तो म्हणाला की भगवंतांनी माझे या जन्मीचेही हित केले.

उपाशी शेतकऱ्याला अन्न आणि अति जेवणाऱ्या राजाला मात्रा, असा या दोन प्रसंगांचा अर्थ आहे. तथागतांनी शेतकऱ्याला कमी खा म्हटले नाही आणि राजाला आणखी खा म्हटले नाही. शेतकऱ्याच्या भुकेत त्यांनी पुण्य पाहिले नाही, तसे राजाच्या लठ्ठपणात ऐश्वर्यही पाहिले नाही. दोघेही त्यांच्या दृष्टीने दुःखात होते आणि दोघांच्याही दुःखाला कारण होते. आज आपल्या समाजाची स्थिती अशी आहे की, एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, आळवीचा शेतकरी आणि श्रावस्तीचा राजा शेजारी बसून जेवत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे १९ टक्के स्त्रिया अति कृश आणि २४ टक्के स्त्रिया वाजवीपेक्षा अधिक वजनाच्या आढळल्या. म्हणून "सर्वांनी कमी खा" हा उपदेश चुकीचा आहे, आणि "पोटभर खा, काळजी करू नका" हाही चुकीचा आहे. आपण शेतकऱ्याच्या जागी आहोत की राजाच्या, हे प्रत्येकाने प्रथम पाहिले पाहिजे.

उपवास म्हणजे संयम नव्हे

आहार कमी करावयाचा म्हटले की जुना संस्कार लगेच डोके वर काढतो. सोमवार धरा, गुरुवार धरा, एकादशी करा. दीक्षा घेतलेल्या कित्येक घरांतून अजूनही चोरून उपवास केले जातात आणि "देवासाठी नाही हो, तब्येतीसाठी" असे सांगितले जाते. उपवासाच्या त्या ताटात असते काय? साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याचा कूट, तूप, केळ्याचे वेफर्स. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नाममात्र. रोजची भाकरी आणि डाळ सोडून हे खाल्ल्याने वजन उतरत नाही आणि पुण्यही लागत नाही.

दुसरे टोक हल्लीच्या जाहिरातींचे आहे. एका महिन्यात दहा-पंधरा किलो वजन उतरवून देण्याची हमी, भुकट्या, चूर्णे, फक्त रस पिऊन राहणे. यांतही अंधश्रद्धाच आहे. फक्त भगताच्या जागी विक्रेता बसला आहे.

सिद्धार्थ गौतमाने उरुवेलेत अन्न जवळजवळ सोडून दिले होते. शरीराचा सापळा झाला, पण ज्ञान मिळाले नाही. तेव्हा त्यांनी तो मार्ग टाकला आणि सुजातेची खीर स्वीकारली. पाच सोबती रागावून निघून गेले, तरी त्यांनी पर्वा केली नाही. पुढे सारनाथला याच पाच जणांना पहिला उपदेश करताना त्यांनी भोगविलास आणि देहदंड ही दोन्ही टोके त्याज्य ठरविली. मध्यम मार्गाचा जन्म असा एका अर्थी भोजनाच्या प्रश्नातूनच झाला आहे. विकाली भोजन न करण्याचे शील उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारे उपासक पाळतात. परंतु ते कोणा देवाला प्रसन्न करण्यासाठी नव्हे. मज्झिमनिकायाच्या कीटागिरिसुत्तात भगवंतांनी त्याचे कारण साध्या शब्दांत सांगितले आहे: रात्रीचे जेवण सोडल्याने आजार कमी होतात, अंग हलके राहते, बळ राहते, सुखाने दिवस जातो. हे कारण ज्याला पटेल आणि झेपेल त्याने ते पाळावे.

हे पापाचे फळ आहे काय?

वजन वाढलेल्या माणसाची आपण चेष्टा करतो. मुलांना टोपणनावे ठेवतो. सुनेच्या अंगावरून, मुलीच्या लग्नावरून टोमणे मारतो. कोणी आजारी पडला की "त्याचे कर्म" म्हणून मोकळे होतो. हे दोन्ही धम्माला सोडून आहे. सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना विचारले होते की, माणूस जे जे भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच भोगतो, हे खरे काय? भगवंतांनी ते नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतूंचा पालट, शरीराची नीट निगा न राखणे, अशी वेदनेची अनेक कारणे त्यांनी सांगितली. सर्व काही पूर्वकर्माने घडते असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडचे बोलतात, असा त्यांचा निर्वाळा आहे.

आता विज्ञान काय सांगते ते पाहा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला. त्या खेड्यांतील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपले मूल लहान, त्याचे स्नायू कमी. परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, पण आतून चरबी धरणारे शरीर घेऊनच आपले मूल जन्माला येते. आईच्या पोटात असताना अन्न तुटपुंजे मिळाले की शरीर काटकसरीला लागते, असा याचा अर्थ शास्त्रज्ञ लावतात. पुढे त्याच शरीराला भरपूर तेल-साखर मिळाली आणि अंगमेहनत सुटली, तर मधुमेह लवकर गाठतो.

बंधू-भगिनींनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आपल्या आज्यांवर लादलेली भूक तेथेच संपली नाही. तिची नोंद आपल्या शरीरात उतरली आहे. आपल्याला आलेले हे शरीर कोणाच्या पापाचे फळ नाही. त्याला कारणे आहेत, आणि त्या कारणांत अन्यायही आहे. परंतु कारण माहीत झाल्यावर स्वस्थ बसणे हा धम्म नव्हे. ज्याला कारण आहे त्याला उपायही आहे. कारणाचा निरोध केला की कार्याचा निरोध होतो. ज्या भुकेने आपल्या पूर्वजांना छळले तिला आपल्या नातवंडांपर्यंत पोहोचू द्यावयाचे नसेल, तर तिचा शेवट आपल्याच ताटात करावा लागेल.

नेमके किती वजन अधिक?

आपले शरीर असे असल्यामुळे भारतीय डॉक्टर पाश्चात्त्यांपेक्षा कडक माप लावतात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उत्तर २३ च्या वर गेले की वजन अधिक, २५ च्या वर गेले की लठ्ठपणा. १६० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाला ही मर्यादा अनुक्रमे ५९ आणि ६४ किलो पडते. दुसरे सोपे माप कंबरेचे: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की सावध व्हावे. शिवणकामाची टेप प्रत्येक घरात असते. तिला एवढे काम द्या.

फार मोठे काही साधावे लागते असेही नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांना शरीराचे ७ टक्के वजन कमी करण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय प्रयोगात आहार आणि चालणे यांतील बदलाने ते २८ टक्क्यांनी घटले. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. वर्षभरात हे कोणालाही जमण्यासारखे आहे.

आचरणाचे पाच नियम

प्रसेनजिताची गोष्ट केवळ वाचून सोडून देण्याची नाही. तिच्यात आणि इतर सुत्तांत आजच्या घराला उपयोगी पडणारे नियम आहेत.

पहिला नियम, शेवटच्या घासाचा. अट्ठकथेत सांगितले आहे की, राजा शेवटच्या घासाला आला की गाथा म्हणावयाची. राजा तो घास ठेवील. आणि दुसऱ्या वेळी तेवढेच तांदूळ कमी शिजवावयाचे. किती शहाणपणाची ही रीत! एकदम अर्धे ताट नाही, एक घास. आणि ताटातले कमी करून भागत नाही, पातेल्यातलेही कमी करावयाचे. कारण शिजलेले उरले की ते कोणाच्या तरी पोटात जातेच. सारिपुत्त स्थविरांचाही असाच उपदेश आहे: पोट भरण्यास चार-पाच घास बाकी असताना थांबावे आणि पाणी प्यावे.

दुसरा नियम, आठवण देणाऱ्याचा. राजालाही एकट्याने जमले नाही. त्याला सुदर्शन लागला. आपल्या घरात एकाने ही जबाबदारी घ्यावी. मात्र ध्यानात ठेवा, आठवण देणाऱ्यावर राजा रागावला नाही, उलट त्याने त्याला मोबदला दिला. आणि आठवण देणाऱ्यानेही टोमणा मारला नाही, गाथाच म्हटली. बायकोने "पुरे आता" म्हटले की ताट आपटणारे पुरुष आपल्यात थोडे नाहीत. त्यांनी कोसलच्या राजाकडून एवढे तरी शिकावे.

तिसरा नियम, साखर, तेल आणि मद्याचा. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तर ५० ग्रॅम साखर झाली. महिन्याला दीड किलो, आणि ती एकट्या माणसाच्या पोटात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहणे बरे, असे सांगते. प्रथम साखर एका चमच्यावर आणा, मग कप कमी करा. वडापाव, भजी, फरसाण ही रोजची न्याहारी नव्हे. मद्याचे तर पंचशीलानेच सांगितले आहे. दारूच्या एका ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात, भात-भाकरीच्या पिष्टाच्या जवळजवळ दुप्पट. आणि तिच्याबरोबर तळलेले येतेच. पाचवे शील प्रामाणिकपणे पाळले, तरी कित्येकांचे पोट खाली येईल.

चौथा नियम, आपल्या अन्नाची लाज न बाळगण्याचा. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हुलगा, अंबाडीची भाजी, सुकट हे आपल्या घरचे अन्न. हातात पैसा आला तसे ते गरिबीचे चिन्ह वाटू लागले आणि पांढरा भात, मैद्याची बिस्किटे, बेकरीचा माल ही प्रतिष्ठा झाली. रेशनवरही मुख्यतः गहू-तांदूळच मिळाला. आता जगाला भरडधान्याची आठवण झाली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. ज्या भाकरीवरून आपल्याला हिणवले गेले ती आता शहरातल्या मोठ्या हॉटेलांत महाग भावाने मिळते. आपण ती का सोडावी? ताटात भात-पोळी थोडी कमी करून डाळ-कडधान्य, पालेभाजी, अंडी किंवा मासे वाढवावेत. भूक भागते आणि खाणे आटोक्यात राहते.

पाचवा नियम, चंक्रमणाचा. विनयपिटकात एक प्रसंग आहे. वैशालीत भिक्खूंना पंचपक्वान्नांचे भोजन मिळू लागले, आणि ते स्थूल होऊन आजारी पडू लागले. जीवक वैद्याने हे पाहिले आणि भिक्खूंना चालण्यासाठी जागा व घाम काढणारे स्नानगृह करण्याची परवानगी द्यावी, अशी भगवंतांना विनंती केली. भगवंतांनी ती मान्य केली. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद येते, उद्योगाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते, आणि मिळविलेली चित्ताची एकाग्रता टिकते. आज डॉक्टर आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालावयास सांगतात. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास. ज्यांचे वाडवडील शेतात, गिरणीत, गोदीत, रस्त्यावर राबले त्यांची मुले आज खुर्चीवर बसून काम करतात. ही प्रगतीच आहे. परंतु शरीराला चालणे लागतेच. विहारात वंदनेला जाताना मोटारसायकल घरी ठेवली, तरी प्रारंभ होईल.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, वाढती मुले, क्षयाचे रुग्ण, मुळातच कृश असलेली माणसे यांनी आहार कमी करू नये. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये. साखर एकदम उतरून धोका होतो. आणि वजन उतरले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये.

घरातील स्त्रीचे ताट

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. आपल्या पुष्कळ घरांत स्त्री अजूनही सर्वांच्या मागून जेवते. भाजी संपलेली असते. भात आणि पोळी उरलेली असते. शिवाय मुलांच्या ताटातले टाकवत नाही म्हणून तेही ती खाते, शिळेही तीच संपविते. तिच्या पोटात पिष्ट अधिक जाते, डाळ आणि भाजी कमी जाते. मग एकीकडे तिचे वजन वाढते आणि दुसरीकडे रक्त कमी होते. वर सांगितलेल्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा स्त्रीला "कमी खा" म्हणणे हा उपाय नव्हे. तिला सर्वांबरोबर बसवून जेवू घालणे, सर्वांइतकी डाळ आणि भाजी तिच्या ताटात वाढणे, आणि तिला रोज अर्धा तास मोकळेपणाने चालावयास बाहेर पडू देणे हा उपाय आहे. समतेचे तत्त्व सभेत मान्य करावयाचे आणि स्वयंपाकघरात विसरावयाचे, असे चालणार नाही.

शरीर कोणाचे?

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. "माझे शरीर, माझे पोट, मी किती खावे हे सांगणारे तुम्ही कोण?" असे कोणी विचारील. सांगणारा दुसरा कोणी नाही, हे खरे. अत्त दीप भव हाच आपला मार्ग आहे. परंतु शरीर केवळ आपल्या एकट्याचे आहे काय, याचा विचार करा. पंचेचाळिसाव्या वर्षी घरातल्या कर्त्या माणसाला पक्षाघाताचा झटका आला, तर त्या झटक्याने थोरल्या मुलाचे कॉलेज सुटते, धाकटीचे शिक्षण थांबते, सावकार घरात येतो. दोन पिढ्यांनी शिक्षणाने वर आणलेले घर दोन महिन्यांच्या दवाखान्याने खाली जाते. ज्यांच्यामागे जमीन नाही, वडिलोपार्जित पैसा नाही, त्यांचे भांडवल म्हणजे त्यांचे शरीर आणि त्यांची बुद्धी. स्वतः बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि सांधेदुखीने किती छळले, आणि दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, आपण त्यांना मुकलो, हे आपण जाणतो. समाजाच्या सेवेत त्यांनी देह झिजविला. आपण तो जिभेच्या सेवेत झिजवावा काय?

मात्रा पाळल्याने स्वर्ग मिळेल असे धम्म सांगत नाही. तो एवढेच सांगतो की, हातात घास घेताना माणसाने जागे असावे. हा घास भुकेसाठी आहे, की चवीसाठी, की शेजाऱ्याला दाखविण्यासाठी, एवढे स्वतःला विचारावे. भिक्खू जेवताना जे चिंतन करतात त्याचा आशय हाच आहे: हे अन्न मौजेसाठी नाही, मस्तीसाठी नाही, शरीर सजविण्यासाठी नाही, शरीर टिकावे आणि श्रेष्ठ जीवन जगता यावे यासाठी आहे. हे चिंतन उपासकालाही लागू आहे. त्याला पैसा लागत नाही आणि पुरोहित लागत नाही.

आज रात्री जेवावयास बसाल तेव्हा घरातील सर्व माणसे एकत्र बसा. स्त्रियांना आणि मुलांना सारखे वाढा. जो कृश आहे त्याच्या ताटात एक घास अधिक घाला. जो राजा प्रसेनजित झाला आहे त्याने आपल्या ताटात शेवटचा एक घास कमी वाढून घ्यावा. मग सर्वांनी मिळून थोडे चालून यावे.

सर्वांना आरोग्य लाभो, सर्व सुखी होवोत.

जय भीम!